एका घरातले दात

विदर्भातलं एक घर डोळ्यांपुढे आणा. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं किंवा चंद्रपूरकडचं, जिथं १९७२च्या दुष्काळानंतर बोअर खणले गेले आणि विहिरीवरची गर्दी हापशावर गेली. ओट्यावर आजोबा बसले आहेत. त्यांचे दात झिजलेले, पण डाग एकही नाही. शेजारी त्यांचा मुलगा. तो हसला की पटाशीच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे दिसतात. दहा वर्षांच्या नातीच्या दातांवर खडूसारखे पांढरे चट्टे, मध्येमध्ये पिवळट. आतून सून चहा घेऊन येते, तिचे दात स्वच्छ. दिवाळीला माहेरी आलेल्या आत्याच्या दातांवर भावासारखेच पट्टे, पण नागपुरात वाढलेल्या तिच्या दोन्ही मुलांचे दात पांढरेशुभ्र.

आजोबा म्हणतात, "आजकालची पोरं दात घासतच नाहीत." मुलगा म्हणतो, "आमच्या रक्तातच आहे ते." सुनेला वाटतं, सासरच्यांना लहानपणी वळण लागलं नाही. तिघंही आपापल्या परीनं खरं बोलतात आणि तिघंही चुकतात. डाग पाण्याचे आहेत.

दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, हा आपल्या शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ. तो हिरडीखाली, जबड्याच्या आत घडतो आणि अक्कलदाढा सोडल्या तर हे काम साधारण आठव्या वर्षापर्यंत उरकतं. या काळात पोटात फ्लोराइड जास्त गेलं तर इनॅमल नीट पक्कं होत नाही. दात बाहेर येतो तो डाग घेऊनच. एकदा कवच तयार झालं की मग तेच पाणी आयुष्यभर प्यायलं तरी दातावर असा डाग पडत नाही. आता कोडं सुटतं. आजोबांचं बालपण उघड्या विहिरीच्या पाण्यावर गेलं. सून लग्न होऊन आली तेव्हा तिचे दात कधीच घडून झाले होते. आत्या गाव सोडून गेली, पण लहानपणचं पाणी दातांत घेऊन गेली. तिच्या मुलांनी ते पाणी प्यायलंच नाही.

आजोबा मात्र पुरते सुटलेले नाहीत. त्यांची मान वळत नाही, पाठ आखडली आहे, खाली बसलं की उठताना हात टेकावे लागतात. घरचे म्हणतात वय झालं. वय झालंच आहे, पण हेच फ्लोराइड वर्षानुवर्षं हाडांत आणि सांध्यांत साठत गेलं की पाठ अशीच लाकडासारखी होते. नातीच्या दातावरचा चट्टा आणि आजोबांची पाठ एकाच हापशातून आलेली असू शकते. नात दातांच्या डॉक्टरकडे जाते, आजोबा हाडांच्या डॉक्टरकडे, आणि दोन्ही डॉक्टर एकमेकांना ओळखतही नाहीत. एकाच माणसानं दोघांना पाहिलं असतं तर त्यानं पहिला प्रश्न विचारला असता, "पाणी कुठलं पिता?"

हा प्रश्न विचारायला शिकलेला एक माणूस दंतवैद्यकाच्या इतिहासात होऊन गेला. फ्रेडरिक मॅके या तरुण डॉक्टरनं १९०१ साली अमेरिकेतल्या कोलोराडो स्प्रिंग्ज इथं दवाखाना थाटला आणि त्याला गावात जन्मलेल्या असंख्य लोकांचे दात तपकिरी दिसले. बाहेरून मोठेपणी येऊन राहिलेल्यांचे तसे नव्हते. कुणी म्हणे डुकराचं मांस जास्त खातात, कुणी म्हणे दूध वाईट आहे. मॅकेनं हे सोडलं नाही. पुढं १९२३ साली तो आयडाहो राज्यातल्या ओकली गावी गेला. तिथल्या आईबापांनी त्याला सांगितलं की गावात गरम झऱ्याचं पाणी नळानं आणलं, त्यानंतर मुलांचे दात डागाळू लागले. मॅकेच्या सल्ल्यावरून गावानं पाणी बदललं आणि त्यानंतरच्या मुलांचे दात स्वच्छ आले. पाण्यात नेमकं काय आहे ते १९३१ साली एका ॲल्युमिनियम कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञानं, चर्चिलनं, शोधलं. फ्लोराइड. आपल्याकडंही फार उशीर झाला नव्हता. आंध्रातल्या नेल्लोर भागातल्या माणसांमधला फ्लोराइडचा आजार १९३७ साली वैद्यकीय नोंदीत आला.

मॅकेला आणखी एक गोष्ट दिसली होती. हे डागाळलेले दात फारसे किडत नव्हते. थोडं फ्लोराइड दाताला बळ देतं, जास्त झालं की दात बिघडवतं. म्हणून आपल्याकडच्या पाण्याच्या मानकात लिटरला एक मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालतं. याचा व्यवहारातला अर्थ असा, की मुंबईतल्या मुलाला फ्लोराइडची पेस्ट बिनधास्त सुचवणारा डॉक्टर यवतमाळमधल्या पांढरकवड्याकडच्या मुलाला तीच पेस्ट देताना आधी पाण्याची चौकशी करेल आणि पेस्ट गिळू देऊ नका असं आईला दोनदा बजावेल. पुस्तकातला सल्ला एकच असतो, पण गाव आणि घर माहीत असलेला डॉक्टर तो त्या घरापुरता बेतून देतो.

"रक्तातच आहे" हे म्हणणं दर वेळी खोटं असतं असं मात्र नाही. जबड्याची ठेवण, दातांची गर्दी, पुढे आलेले सुळे, वरच्या दोन दातांमधली फट, जन्मतःच एखादा दात नसणं, हे बरंचसं आईबापांकडून येतं. याचं एक जुनं आणि विलक्षण उदाहरण आपल्या जवळचंच आहे. चार्ल्स डार्विननं आपल्या ग्रंथाच्या १८७५ साली छापलेल्या दुसऱ्या आवृत्तीत सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकिगत नोंदवली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. त्या कुटुंबात चार पिढ्यांत दहा पुरुष असे झाले की त्यांना दोन्ही जबड्यांत मिळून जेमतेम बारा दात होते. अंगावर केस विरळ, लवकर टक्कल, आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून हालहाल. मुलींना हा त्रास एकदाही झाला नव्हता, पण मुलींच्या मुलांमध्ये तो पुन्हा उगवत होता. डार्विनला कारण ठाऊक नव्हतं, त्याच्या काळी जनुक हा शब्दही जन्मला नव्हता. आज आपल्याला माहीत आहे की हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. आईकडे दुसरं निरोगी एक्स असल्यानं ती बहुधा निभावते, मुलाकडे एकच असल्यानं तो सापडतो. १९९६ साली ते जनुकही हाती लागलं.

मला या हकिगतीत डार्विनपेक्षा त्या माणसाचं महत्त्व जास्त वाटतं, ज्यानं आजोबा, मामा आणि भाचा यांचे दात एकमेकांशेजारी ठेवून पाहिले. एकेकटा माणूस पाहिला असता तर प्रत्येकजण निव्वळ दुर्दैवी ठरला असता. अशा मुलाला घामही नीट येत नाही, त्यामुळं लहानपणी कडक उन्हात त्याच्या जिवाला धोका असतो. दात यायला फारच उशीर होतोय आणि मामाचेही दात कमी होते, एवढ्या दोन गोष्टी एका डॉक्टरच्या कानावर पडल्या तर पुढचे कितीतरी ताप टळतात.

आता ज्याला आपण रक्ताचा दोष म्हणतो, पण जो खरं तर चमच्यातून येतो, त्याच्याकडे वळू. कीड.

"आमच्याकडं सगळ्यांचेच दात किडके" हे वाक्य महाराष्ट्रात घरोघर ऐकू येतं. दाताला लागणारी कीड म्हणजे अळी नव्हे. तोंडातले जिवाणू साखर खाऊन आम्ल करतात, ते आम्ल इनॅमल विरघळवतं. या जिवाणूंमधल्या मुख्य जातीचं नाव स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. इंग्लंडमधल्या क्लार्क या संशोधकानं ती १९२४ साली किडलेल्या दातांमधून वेगळी काढली. तान्ह्या बाळाच्या बोळक्या तोंडात हा जिवाणू सहसा घर करत नाही, त्याला टेकायला दात लागतो. दात येऊ लागले की तो येतो आणि बहुतेक वेळा येतो तो बाळाला भरवणाऱ्या माणसाच्या थुंकीतून. आई खिमटीचा घास गरम आहे का ते ओठाला लावून बघते, आजी पोळीचा तुकडा स्वतः चावून मऊ करून देते, पडलेलं बूच चोखून साफ करून परत बाळाच्या तोंडात दिलं जातं. माया आहेच. तिच्याबरोबर आजीच्या किडक्या दाढेतला जिवाणूही बाळाकडे जातो. मूल दीड ते अडीच वर्षांचं असताना हा शिरकाव सगळ्यांत सहज होतो, असं अमेरिकेतल्या कॉफील्ड या संशोधकानं १९९३ साली दाखवलं.

यावर फिनलंडमध्ये एक सुंदर प्रयोग झाला. तोंडात हा जिवाणू भरपूर असलेल्या आयांना निवडून काहींना झायलिटॉल नावाच्या साखरेचं च्युइंगगम चघळायला दिलं. झायलिटॉल गोड असतं, पण या जिवाणूला ते पचत नाही. बाळ तीन महिन्यांचं असल्यापासून दोन वर्षांचं होईपर्यंत हे चाललं. बाळांना काहीही दिलं नाही. तुलनेसाठी इतर आयांच्या दातांना फ्लोराइडचा किंवा जंतुनाशकाचा लेप लावला होता. मुलं पाच वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर झायलिटॉल चघळलेल्या आयांच्या मुलांमध्ये खोल कीड सुमारे ७० टक्क्यांनी कमी होती. च्युइंगगम चघळलं आईनं आणि दात वाचले लेकराचे. घराचा दातांचा डॉक्टर एकच का असावा, याला याहून थेट पुरावा मला माहीत नाही. गरोदर बाईच्या किडलेल्या दाढा वेळेवर भरून घेणं हे तिच्या बाळाच्याही दातांचं काम आहे. आपल्याकडे मात्र दिवस राहिले की "आता दातांना हात लावायचा नाही" असा दंडक असतो आणि बाळंत झाल्यावर तिला स्वतःकडे बघायला फुरसत मिळत नाही. खरं तर गरोदरपणाचे मधले तीन महिने दाढ भरायला किंवा दात साफ करून घ्यायला सोयीचे आणि सुरक्षित असतात.

त्या दिवसांत हिरड्या सुजतात, ब्रश करताना रक्त येतं. हा शरीरातल्या बदलाचा परिणाम असतो आणि नीट सफाई ठेवली तर तो ओसरतो. पोटातलं बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं, म्हणून बाळंतपणात दात जातात, हा समज तेवढा काढून टाकावा. दातातलं कॅल्शियम असं परत रक्तात येत नाही. दात जातात ते सुजलेल्या हिरड्या वर्षानुवर्षं तशाच सोडल्यामुळं.

साखरेचंही थोडं सांगितलं पाहिजे. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातांवरचं आम्ल वाढतं आणि ते उतरायला अर्धा ते एक तास जातो, हे १९४०च्या दशकात स्टीफन या संशोधकानं मोजून दाखवलं. म्हणजे एका बसणीत खाल्लेल्या चार जिलब्यांपेक्षा दिवसभर तासातासाला तोंडात टाकलेलं चॉकलेट दाताला जास्त घातक. स्वीडनमधल्या व्हिपेहोम इथं १९४५ ते १९५३ या काळात हेच माणसांवर तपासलं गेलं. चिकट टॉफी जेवणांच्या मधे मिळालेल्यांचे दात सगळ्यांत भयंकर किडले. ते प्रयोग मतिमंदांच्या संस्थेतल्या असहाय माणसांवर केले होते, आणि त्यांच्या किडलेल्या दातांवर आपलं हे ज्ञान उभं आहे, याची जाणीव ते वापरताना ठेवली पाहिजे. आपल्या घरात मधल्या वेळचं गोड कोण देतं? बहुधा आजोबा. खिशात लिमलेटच्या गोळ्या असणारे प्रेमळ आजोबा. नातवाच्या डॉक्टरनं त्यांनाही खोलीत बोलावून, मान देऊन, हे समजावलं पाहिजे. नुसत्या आईला सांगून उपयोग नसतो, कारण सासऱ्यांना "गोळ्या देऊ नका" म्हणण्याची तिची प्राज्ञा नसते.

सहाव्या वर्षाची दाढ हा या प्रकरणातला माझा सगळ्यांत जवळचा विषय आहे, कारण ती माझ्या तोंडात नाही.

मुलाला दुधाचे वीस दात येतात. अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात, सहाव्या-सातव्या वर्षापासून पडू लागतात. पडलेला दात कुणी उंदराच्या बिळाशी ठेवतं, कुणी छपरावर फेकतं, घरात कौतुक चाललेलं असतं. याच सुमाराला, सगळ्यांचं लक्ष पुढच्या पडक्या दातांकडे असताना, पार मागे, दुधाच्या दाढांच्याही पलीकडे एक मोठी दाढ हळूच वर येते. वर दोन, खाली दोन. तिच्यासाठी कुठलाही दात पडलेला नसतो. त्यामुळं ती दुधाचीच समजली जाते. ती कायमची असते, चावण्याचा मोठा भार तिच्यावर असतो आणि बाकीचे दात कुठे बसायचे याची खूण तीच असते. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, ब्रशचे केस तिथं पोचत नाहीत, आणि मूल सहा वर्षांचं, म्हणजे स्वतः घासायला लागलेलं, पण नीट न घासणारं.

माझी खालची उजवी दाढ अशीच किडली. ठणका लागला तेव्हा घरात लवंगेचं तेल होतं, आणि "दुधाची आहे, पडेल आपोआप" ही समजूत होती. अकराव्या वर्षी ती काढावी लागली. ज्यांनी काढली त्यांनी काढली आणि पाठवून दिलं, पुढं काय होईल ते सांगितलं नाही. झालं असं की मागची दाढ त्या मोकळ्या जागेत कलली, वरची दाढ आधार गेल्यानं खाली उतरली आणि त्या बाजूनं आजही मला भाकरी नीट चावता येत नाही. माझ्या आईची आणि मामाचीही हीच दाढ याच वयात गेली होती. आमच्या घरात तीन माणसांच्या तोंडात एकाच जागी खिंडार होतं आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण आम्ही तिघं तीन वेळी, तीन गावांत, तीन वेगळ्या माणसांकडे फक्त दाढ उपटायला गेलो होतो.

दाढ आल्या आल्या तिच्या खाचांत पातळ लेप भरून त्या बुजवता येतात. त्याला सीलंट म्हणतात. सुई लागत नाही, कोरावं लागत नाही, काही मिनिटांचं काम. ज्या डॉक्टरनं थोरल्या भावाची सहाव्या वर्षाची दाढ किडलेली पाहिली आहे तो धाकटीला पाच वर्षं झाली की आईला सांगून ठेवतो, पुढच्या वर्षी घेऊन या. एवढ्यासाठीच घरचा डॉक्टर हवा.

दुधाच्या दाढाही "पडणारच आहेत" म्हणून सोडून द्यायच्या नसतात. त्या दहा-बारा वर्षांपर्यंत मुलाच्या तोंडात राहतात आणि खालच्या पक्क्या दातांसाठी जागा धरून ठेवतात. त्या लवकर काढल्या की शेजारचे दात सरकतात आणि मग तेराव्या वर्षी तारा लावायला पैसे मोजावे लागतात.

आता मिशरी. आमच्या आजीच्या देवळीत एक पितळी डबी असे. तंबाखू तव्यावर काळपट होईपर्यंत भाजायचा, कुटायचा, वस्त्रगाळ करायचा आणि सकाळी बोटानं हिरड्यांवर चोळायचा. दात घासणं म्हणूनच ते सुरू होतं. मग दुपारच्या जेवणानंतर एकदा, संध्याकाळी एकदा, आणि न लावल्यास डोकं धरतं. आजीला ती सासूनं शिकवली होती. आजीनं माझ्या काकूला दाढदुखीवर औषध म्हणून दिली. काकूची ती सवय गेली नाही. महाराष्ट्रातल्या हजारो घरांत तंबाखू बायकांच्या हाती असाच आला, डब्यावर कोणतंही चित्र नसताना, मायेनं, औषधाच्या नावाखाली.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले फली मेहता आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांनी १९६०च्या दशकापासून भारतीय खेड्यांत हिंडून लोकांची तोंडं तपासली. महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक खेडुतांची त्यांनी केलेली पाहणी १९७२ साली प्रसिद्ध झाली. तंबाखूच्या सवयी आणि तोंडातले पांढरे चट्टे, कॅन्सर यांचा संबंध अशा कामातून पक्का होत गेला. मिशरी गर्भापर्यंतही पोचते. मुंबईतल्या बायकांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की गरोदरपणी मिशरीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं जन्माला आली तेव्हा वजनानं सरासरी १०५ ग्रॅमनं कमी होती. पुढच्या पिढीनं पितळी डबी टाकली आणि पुडी घेतली. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, पण सुपारी आणि तंबाखू वेगवेगळे मिळतातच. सुपारीनं गालाची आतली कातडी आवळत जाते, तोंड उघडेनासं होतं. घरात कुणालाही करता येईल अशी याची परीक्षा आहे. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का ते पाहायचं. जात नसतील तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. दोन आठवड्यांत न भरलेला तोंडातला कुठलाही व्रण असाच.

आजीला मिशरी सोडवणं दवाखान्यातल्या भित्तिपत्रकानं होत नाही. ती नातवासाठी सोडते. नातवाचे दात दाखवायला आलेल्या आजीला "आजी, तुम्ही पण बसा जरा खुर्चीत" म्हणणारा डॉक्टर लागतो. ती आधी लाजते, पदर तोंडाला लावते, मग बसते. तिच्या गालातला पांढरा चट्टा त्या वेळी दिसला तर दिसतो.

हिरड्यांच्या आजाराचं गणित थोडं वेगळं आहे. नॉर्वेत जन्मलेल्या हॅराल्ड लोए या संशोधकानं १९६५ साली धडधाकट विद्यार्थ्यांना दात घासणं बंद करायला लावलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासू लागल्यावर आठवडाभरात बऱ्याही झाल्या. मग त्यानं १९७० पासून पंधरा वर्षं श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या ४८० तमिळ मजुरांचा माग ठेवला. ते लोक दात घासतच नसत. सगळ्यांच्या दातांवर सारखंच किटण. तरी सुमारे ८ टक्क्यांची हाडं झपाट्यानं झिजली आणि दात भराभर गेले, ८१ टक्क्यांची हळूहळू झिजली आणि ११ टक्क्यांचं हाड शाबूत राहिलं. काही माणसं हा आजार सोसायला जन्मतःच कमकुवत असतात, आणि तो कमकुवतपणा घराण्यात फिरतो. म्हणून कॉलेजातल्या मुलाचा पुढचा दात हलायला लागला तर त्याच्या भावंडांच्याही हिरड्या तपासायच्या. वडिलांना पस्तिशीत कवळी लागली होती का, हे विचारायचं.

मधुमेहही आपल्याकडे घराण्यातच असतो. साखर वाढलेली राहिली की हिरड्या लवकर सडतात, आणि हिरड्यांतली सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर साखरेचा तीन महिन्यांचा आकडा थोडा, पण मोजता येईल इतका उतरतो. दात हलतात म्हणून गेलेल्या माणसाला मधुमेह असल्याचं दातांच्या डॉक्टरनं ओळखलं, असं पुष्कळदा घडतं.

म्हातारपणी दात जायचेच, असं आपण धरून चालतो. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हणही तेच सांगते. म्हातारपण दात पाडत नाही. रक्तदाबाच्या आणि मनाच्या आजारांच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, थुंकीचं संरक्षण जातं आणि हिरडी उतरून उघड्या पडलेल्या मुळांना कीड लागते. हाडं ठिसूळ झाली म्हणून दिलेल्या काही औषधांनंतर दात उपटला तर जबड्याचं हाड न भरता तसंच उघडं राहू शकतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्याचा दात काढताना आधी तयारी लागते. आजी या गोळ्यांची नावं सांगू शकत नाही, "एक पांढरी, एक गुलाबी" म्हणते. तिची फाईल ज्याच्या कपाटात पाच वर्षं आहे, त्याला ती विचारावीच लागत नाही. कवळी आठ-दहा वर्षांपूर्वीची असेल तर खालचं हाड झिजून ती सैल झालेली असते. आजी मग मऊ भात-वरणावर येते, वजन घटतं, घरचे म्हणतात भूक गेली.

भीतीही वारशानं येते. "ऐकलं नाहीस तर डॉक्टर दात उपटतील" असं आपण मुलाला सांगतो, कारण आपल्याला कुणीतरी तसंच सांगितलं होतं. ज्या मुलाची डॉक्टरशी पहिली भेट ठणक्यातच होते, त्याला खुर्चीची धास्ती बसते आणि तो मोठेपणी ठणका लागेपर्यंत जात नाही. म्हणून पहिली भेट पहिला दात आल्यावर, पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी, असं बालदंतवैद्य सांगतात. बाळानं आईच्या मांडीवर बसून दिवा बघायचा, डॉक्टरनं एक दात मोजायचा आणि घरी जायचं. एवढीच ती भेट.

डॉक्टर निवडताना चकचकीत दवाखाना बघू नका. तो तुम्हाला प्रश्न विचारतो का ते बघा. पाणी कुठलं, घरात साखर कुणाला, आईचे दात कधी गेले, मुलाला रात्री बाटली देता का, औषधं कोणती चालू आहेत. उत्तरं तो लिहून ठेवतो का, जुना एक्स-रे काढून नव्याशेजारी धरतो का. आणि "आत्ता काही करायला नको, सहा महिन्यांनी बघू" असं म्हणून तुम्हाला परत पाठवण्याची त्याची तयारी आहे का. असा माणूस तालुक्याच्या गावीही सापडतो. सापडला की त्याला धरून राहा, आणि गाव बदललं तर फाईल आणि एक्स-रे मागून बरोबर न्या.

तुमच्या घरात पाच ते सात वर्षांचं मूल असेल तर आज रात्री जेवण झाल्यावर त्याला दिव्याखाली बसवा, तोंड मोठं उघडायला सांगा आणि मोबाईलचा उजेड पार मागे टाका. दुधाच्या दोन दाढा मोजा. त्यांच्यामागे तिसरी, मोठी, खाचांची दाढ दिसली तर ती पक्की आहे. या आठवड्यात मुलाला डॉक्टरकडे घेऊन जा, आणि आजीलाही बरोबर न्या.